कोरडं बोट

माणूस मरेपर्यंत विद्यार्थी असतो. हे वाक्य एका सोमवारी सकाळी आमच्या धुलाईघराच्या दारावर चिकटवलेलं दिसलं. त्याखाली बारीक अक्षरांत पुढचा मजकूर होता. सर्व कर्मचाऱ्यांनी मोबाइलवरचा ‘वस्त्रनिगा कौशल्य’ हा साठ तासांचा ऑनलाइन अभ्यासक्रम महिनाअखेरपर्यंत पूर्ण करावा. जे करणार नाहीत त्यांना सेवेत ठेवण्याचा विचार होणार नाही. जास्त तास शिकणाऱ्यांना प्राधान्य मिळेल. आमचा विचार आजवर कुणी केला होता का, हे कुणालाच आठवेना, पण तो यापुढे होणार नाही म्हटल्यावर सगळे दारापाशी गोळा झाले.

धुलाईघर हॉस्पिटलच्या तळघरात होतं. वरच्या सहा मजल्यांवर जे काही सांडतं, गळतं, वाहतं ते चादरीत गुंडाळून आमच्याकडे येई. अकरा माणसं ते धूत, पिळत, गरम रोलरखालून काढत, आठ घड्या घालत आणि ट्रॉलीत रचून वर पाठवत. रोज बाराशे नग. बारावा मी. किती आल्या, किती गेल्या, किती फाटल्या हे लिहीत बसायचं माझं काम. मी पदवीधर असल्यामुळे सगळे मला मास्तर म्हणत. पदवी इतिहासाची होती. चादरींशी तिचं नातं एवढंच, की जुने डाग दोन्हींतून पूर्ण कधी निघत नाहीत.

रोलरवर मावशी असत. एकोणतीस वर्षं त्यांनी ओल्या चादरीची टोकं पकडून रोलरच्या तोंडात दिली होती. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची गुळगुळीत पट्टी होती. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांचे यजमान दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिसऱ्या मजल्यावर डायलिसिसला येत. कर्मचाऱ्याच्या नवऱ्याला ते फुकट होतं, आणि कर्मचारी नसलेल्या बाईच्या नवऱ्याला ते परवडण्यासारखं नव्हतं.

मी नोटीस मोठ्यांदा वाचून दाखवली. मावशींनी रोलर बंद केला, ही गोष्ट त्या सहसा जेवायच्या सुट्टीशिवाय करत नसत.

“मास्तर, मी नापास झाले तर यांचं काय हो?”

“नापास कशाला व्हाल?”

“चौथीत झाले होते. तेव्हा घरी बसवलं. आता घरी बसवलं तर हे जातील.”

“मावशी, तुम्ही नापास झालात तर आम्ही शाळेच्या दारातूनच परत,” पैलवान म्हणाला. पैलवान म्हणजे धुण्याच्या यंत्राचा ड्रम भरणारा. अंगकाठी अशी, की ओल्या चादरींचा गठ्ठा उचलला की नेमकं कोण कुणाला उचलतंय ते कळत नसे.

अभ्यासक्रम त्याच दिवशी सुरू झाला. पहिल्या व्हिडिओत पांढरा कोट घातलेली एक हसरी बाई लख्ख खोलीत उभी राहून ‘चादर म्हणजे काय’ हे बारा मिनिटं सांगत होती. तिच्या मागची यंत्रं इतकी चकचकीत होती की त्यांत कुणी कधी काही धुतलं असेल असं वाटेना. दुसरा व्हिडिओ रक्ताच्या डागांवर होता. रक्त आधी थंड पाण्यात काढावं, असं ती म्हणाली.

“बघा, हिलाही माहीत आहे,” मावशी कौतुकाने म्हणाल्या. “बिचारीवर कुठे वेळ आली असेल!”

व्हिडिओ पुढे पळवता येत नव्हते. शिवाय माणूस मध्येच उठून गेला तर कळावं म्हणून दर आठ मिनिटांनी पडद्यावर एक चौकट यायची. ‘आपण शिकत आहात ना?’ खाली ‘हो’ असं बटण. ते दाबलं नाही तर व्हिडिओ थांबायचा आणि तास मोजले जायचे नाहीत. ‘नाही’ असं बटणच नव्हतं.

इथेच सगळं अडलं. आमच्या लोकांची बोटं दिवसभर पाण्यात. टोकं पांढरी पडून सुरकुतलेली. ती पडद्यावर कितीही आपटली तरी मोबाइलला स्पर्श कळेना. मावशींचं तर त्याहून अवघड. रोलरच्या उष्णतेने त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून कातडी टणक झाली होती. त्या ‘हो’वर बोट ठेवून जोर लावत आणि खालची चौकट निर्विकारपणे तोच प्रश्न विचारत राही.

“दगड आहे मेला,” त्या म्हणाल्या. “एवढं हो हो करतेय, तर ऐकत नाही.”

घरी बघावं तर मोबाइल पोरांच्या ताब्यात, आणि दिवसभर उभं राहून आलेलं माणूस ‘चादर म्हणजे काय’च्या तिसऱ्या मिनिटाला घोरायला लागायचं. चार दिवसांत अकरा जणांचे मिळून दोन तास झाले. पाचव्या दिवशी पैलवान माझ्या टेबलाजवळ येऊन माझ्या हाताकडे टक लावून बघत उभा राहिला.

“काय रे?”

“मास्तर, तुमची बोटं कोरडी आहेत.”

तिथून पुढे शिक्षणाची सगळी जबाबदारी माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर आली. सकाळी कामावर आल्या आल्या अकरा मोबाइल माझ्या टेबलावर ओळीने ठेवले जात. आवाज बंद. अकरा हसऱ्या बायका अकरा पडद्यांवर ओठ हलवत. मी चादरी लिहायचो आणि चौकट आली की ‘हो’ दाबायचो. रोजचे तीनशेच्या आसपास ‘हो’. लग्नाला बावीस वर्षं झाली आहेत, पण इतका होकार मी घरीही कधी दिलेला नाही.

ओळीत पहिला मोबाइल मावशींचा. तो मीच पहिला ठेवला होता. दुसऱ्या कुणाचा व्हिडिओ अधूनमधून थांबला तर थांबू दे, मावशींचा थांबता कामा नये, असं मी मनाशी ठरवलं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांचे यजमान वर जाण्याआधी पाच मिनिटं धुलाईघराच्या दारात येऊन बसत. पिवळट चेहरा, पायाला सूज, मांडीवर डब्याची पिशवी. मावशी रोलरपाशी उभ्या राहूनच ओरडत, “जेवलात का?” ते मान हलवत. त्या परत ओरडत, “खोटं बोलू नका!” मग मी मावशींच्या मोबाइलवर जरा जास्तच मनापासून ‘हो’ दाबायचो.

बाविसाव्या तारखेला मावशींचे साठ तास झाले. पण नोटिशीत प्राधान्याची गोष्ट होती. मी म्हटलं, कशाला धोका पत्करा? त्यांच्या खात्यावर मी पुढचे अभ्यासक्रम लावून दिले. महिना संपला तेव्हा मावशींचे एकशे बारा तास झाले होते, आणि त्यांत ‘फोर्कलिफ्ट चालवण्याची मूलतत्त्वं’ आणि ‘मुलाखतीतील देहबोली’ हेही होतं.

“फोर्कलिफ्ट म्हणजे काय हो?” त्यांनी विचारलं.

“जड सामान उचलायची गाडी.”

“मग पैलवानाला कशाला त्रास देता? मीच आणते चालवत,” असं म्हणून त्या इतक्या हसल्या की चादर रोलरमध्ये तिरकी गेली.

परीक्षा पंचवीस प्रश्नांची. ती मात्र कुणाची मी दिली नाही. जेवायच्या सुट्टीत मी प्रश्न वाचायचो, ते उत्तर सांगायचे, मी बोट टेकवायचो. मावशींचे चोवीस प्रश्न बरोबर आले, फक्त एक चुकला. ‘रोलरमध्ये हात अडकल्यास सर्वप्रथम काय कराल?’ मावशी म्हणाल्या, “रोलर बंद करीन.” बरोबर उत्तर होतं, ‘वरिष्ठांना कळवीन.’ मावशींनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “खरंय. तेव्हा कळवायचं राहूनच गेलं.”

तरी शहाण्णव टक्के मिळाले. अकरापैकी अकरा पास. साहेब, म्हणजे आमचे व्यवस्थापक, खाली आले. सगळ्यांना प्रमाणपत्रं दिली आणि फोटो काढला. मावशींनी प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून यजमानांना दाखवायला तिसऱ्या मजल्यावर नेलं. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

नऊ दिवसांनी साहेबांनी मला वर बोलावलं. त्यांच्यासमोर रंगीत आलेखांचा कागद होता.

“मास्तर, तुमच्या विभागाचं अभिनंदन. शिकण्यात सगळ्या हॉस्पिटलमध्ये पहिले.”

“आभारी आहे.”

“सरासरी रोज साडेतीन तास. सगळे कामाच्या वेळेत.” त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. “आणि बाराशे नगांत एकही कमी नाही. याचा अर्थ काय होतो?”

अर्थ माझ्या लक्षात यायला लागला होता. मी कागद जवळ ओढून आकडे पुन्हा वाचले.

“अर्थ असा, की तुमच्याकडे प्रत्येक माणसाला रोज साडेतीन तास काम नसतं. अकरा माणसं लागतातच कशाला? मुख्य कार्यालयाने पाच कमी करायला सांगितलंय. कामाच्या वेळेत ज्यांचे सर्वांत जास्त तास शिकण्यात गेले, ते आधी. यादी आपोआप तयार झालीय.”

यादीत पहिलं नाव मावशींचं होतं. त्यापुढे ‘चोपन्न टक्के कामाचा वेळ मोकळा’ असं लिहिलं होतं.

“साहेब, मावशी मिनिटभरही मोकळ्या नव्हत्या. मोबाइल माझ्या टेबलावर होते. बटणं मी दाबली.”

साहेबांनी चष्मा काढला. “सगळ्यांची?”

“सगळ्यांची.”

“म्हणजे शिकलं कुणीच नाही?”

“त्यांना येत होतंच, साहेब.”

“मास्तर, हे तुम्ही मला सांगितलं नाही आणि मी ऐकलं नाही. कारण मी ऐकलं, तर ती फसवणूक होते. मग पाच नाही, अकराच्या अकरा जातील, आणि त्यांच्या पुढे तुम्ही. लेखी देणार असाल तर हा कागद घ्या.” त्यांनी खरोखरच एक कोरा कागद पुढे केला. “उद्या दुपारपर्यंत.”

कागद घेऊन मी खाली आलो. सगळं मावशींना सांगितलं. सांगताना रोलर चालू होता, त्यामुळे दोनदा ओरडून सांगावं लागलं. त्यांनी हातातली चादर पूर्ण आत जाऊ दिली, मग बटण बंद केलं.

“लेखी दिलं तर माझी राहते का?”

“नाही. सगळ्यांचीच जाते.”

“मग देता कशाला?”

“मावशी, माझ्यामुळे झालं हे. तुमचा मोबाइल मीच पहिला...”

“ते मला माहीत आहे हो. तुम्ही चांगल्यासाठीच केलंत.” हे त्यांनी म्हणायला नको होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. “पैलवानाचं नाव आहे यादीत?”

“नाही. त्याचे तास कमी भरले. त्याचा मोबाइल सारखा बंद पडायचा.”

“मग तो कागद फाडा. त्याची पोरं लहान आहेत.” त्यांनी पुढची चादर उचलली. “यांचा शुक्रवार शेवटचा का?”

“महिनाअखेरपर्यंत आहे.”

“म्हणजे सहा वेळा,” त्या म्हणाल्या आणि रोलर चालू केला.

मी कागद फाडला. मावशींवर उपकार म्हणून फाडला, असं बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतो. माझी नोकरी त्याच कागदावर होती, हे सांगायला कुणी आलं नाही.

सहा वेळा झाल्यावर मावशी यजमानांना सरकारी दवाखान्यात नेऊ लागल्या. तिथे आठवड्यातून एकदाच नंबर लागायचा. अकराव्या आठवड्यात ते गेले. मी आणि पैलवान मावशींना भेटायला गेलो होतो. मावशींनी पैलवानाला विचारलं, “रोलरवर आता कोण आहे?” तो म्हणाला, “मीच.” त्या म्हणाल्या, “बाह्या वर करून उभा राहू नकोस.”

खाली उरलेले सहा जण अकरांचं काम करत होते. शिकायला वेळ नसल्याबद्दल विभागाला दोन मेमो आले. मग एक दिवस साहेबांनी एक जाड फाइल माझ्याकडे दिली आणि क्रमांक घालून कपाटात ठेवायला सांगितलं. धुणं बाहेरच्या कंपनीला देण्याचा करार होता. तळघर रिकामं करून तिथे गाड्या ठेवायच्या होत्या. क्रमांक घालताना तारीख बघावी लागते, म्हणून मी सहीखालची तारीख बघितली. सही दारावर नोटीस लागण्याच्या सात आठवडे आधी झाली होती.