मोठीची अंगठी

कुंदाबाईनं एकदा मनावर घेतलं की संपलं. मग नवरा आडवा येवो नाही तर अख्खा दवनीवाडा, ती हटायची नाही. मोहितच्या साक्षगंधाआधी आपल्या गळ्यातला टाक वितळवून पोराला अंगठी करायची, असं तिनं भाकरी थापता थापता जाहीर केलं, तेव्हा उमरावनं नुसता कपाळाला हात लावला आणि तो धानाच्या बांधीकडं निघून गेला. शहाणा माणूस!

हा टाक म्हणजे सोन्याचा नखाएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. बाई कोण, तर सवत. उमरावची पहिली बायको सुलोचना तापात गेली, मागं दोन वर्षांचा मोहित ठेवून. मग कुंदाबाई दुसरेपणावर या घरात आली आणि रीतीप्रमाणं मांडवातच मेलेल्या सवतीचा टाक तिच्या गळ्यात पडला. मान आधी मोठीचा, म्हणजे पहिलीचा, मग हिचा. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, पहिला घास आधी टाकाला दाखवायचा. दुसरी कुणी असती तर जन्मभर धुसफुसली असती. कुंदाबाईनं मोठीशी सरळ गट्टीच केली. पोराचं अंग तापलं की टाक मुठीत धरून म्हणायची, "मोठे, तुयं लेकरू आहे, उभी राय माया मागं." पोरगं बरं व्हायचं. औषधानं व्हायचं, ती गोष्ट वेगळी.

मग आता वितळवायचा कशाला? तर रीत अशी, की दुसरी मेली की टाक नदीत सोडून देतात.

"म्हंजे मी मेली का मोठीले बी पाण्यात टाकसान," कुंदाबाई म्हणाली. "मंग पोराजवळ त्याच्या मायचं काय उरलं? एक फोटो नाई बिचारीचा. तिनं माया संगं कायले बुडावं? त्यापेक्षा पोराच्या बोटात बसू दे तिले."

यात न पटण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. पण उमरावची मोठी बहीण शामकला मुर्रीहून पाय आपटत आली. सुलोचनाला या घरात तिनंच पसंत करून आणली होती, त्यामुळे तिचा जीव अजून तिथंच अडकलेला. कुंदाशी ती बोलायची, पण पाहुण्यांना ओळख करून देताना "ही आमची दुसरी" एवढंच म्हणायची.

"सवत गळ्यात बांधली आहे म्हणून थंड आहे," शामकला कडाडली. "मोकळी केली का ती पहिले तुलेच घेऊन जाईन!"

गावाला तर काय, आयतं चघळायला मिळालं. पोरगा कमावता झाला आणि कुंदानं सवतीचा काटा काढला म्हणे! कुंदाबाई त्यावर पोट धरून हसली. लोकांच्या तोंडाला का कुलूप लावता येतं?

पण मोहित हसला नाही. बिरसीच्या विमानतळावर नोकरी करणारा हा पोरगा, जेवताना तोंडाचा पट्टा बंद म्हणून नाही. तो टाकाचं नाव निघालं की ताटावरून उठायला लागला. कुंदाबाई त्याचं अर्धं ताट बघत बसायची. यालाही तसंच वाटतं की काय? आपल्या मायला ही बाई घालवायला निघाली, असं? गाव गेलं उडत, पण पोरानं असं मनात धरलं तर आजवर केलेलं सगळं मातीत गेलं. तिला झोप लागेना. तरी तिनं बेत बदलला नाही. खरं काय ते सोनाराच्या दुकानात समोरासमोर होऊन जाऊ दे, म्हणाली.

ऑटो करून तिघं गोंदियाला गेले. तिघं, कारण मायलेकांबरोबर शामकलाही न बोलावता पहाऱ्याला येऊन बसली होती.

रामलाल सोनारानं टाक काट्यावर ठेवला आणि मान हलवली. "भाभी, ये तो कम पड़ेगा. आदमी की अंगूठी है, थोड़ा सोना और लगेगा."

"पाह्य!" शामकलानं मांडीवर थाप मारली. "तिलेच नाई यायचं!"

"ती येऊन राहिली बाई, तुमीच आडव्या पडून राहिल्या," कुंदाबाई म्हणाली. "रामलालभाऊ, घ्या."

रामलालनं चिमटा उचलला, तोच मोहितनं काट्यावर पंजा ठेवला.

"नको."

विचारायचं ते कुंदाबाईनं विचारलंच. "तुले बी वाटते काय रे, मी तुया मायले काढून फेकून राहिली?"

"कायच्या काय बोलतेस?" मोहित तिच्याकडं बघतच राहिला. "मले तिची नाई, तुयी फिकर आहे! आत्या म्हणते ते खरं निंघालं तर? एक माय गेली, तिचं तोंड बी मले आठवत नाई. तू बी गेली तर मी कोणाले माय म्हणू?"

हात् तिच्या! पोरगा रुसला नव्हता, भ्यायला होता. कुंदाबाईनं त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. हसताना तिच्या डोळ्यांतून धार लागली, ती तिनं पुसलीही नाही.

"विमानाच्या गावी नोकरी करते अन् भुताले भेते! अरे येड्या, तिचं लेकरू न्हाऊ-माखू घालून म्या वाढवलं. मी मेली तर त्याच्या लग्नात कोण राबन, हे तिले नाई समजत काय? माय आहे ती, वैरीण नाई. काढ हात."

मोहितनं हात काढला. "मंग तुयं बी काही टाक त्यात," तो म्हणाला. "कमी पडून राहिलं ना?"

"मायच्या निशाणीत माई भेसळ?"

"भेसळ कायची? तू टाकत असशीन तरच मी घालतो."

पोरगा हट्टी होता, आणि तो हट्ट कुणाचा घेतला होता हे सांगायला नको. कुंदाबाईनं कानातल्या माहेरच्या बाळ्या उतरवून रामलालपुढं ठेवल्या. टाक आणि बाळ्या एकाच मुशीत पडल्या. आच लागली तशी टाकावरची आकृती ढिली झाली, बाळ्या वाकल्या आणि बघता बघता सोन्याचा एकच थेंब गरगरू लागला.

शामकला पुढं वाकली. "यात आता मोठीचं कोणतं?"

"अम्मा, अब तो भगवान भी नहीं बता सकता," रामलाल म्हणाला.

साधं वळं घडवायचं, तरी वेळ लागतोच. चहा आला, शामकलाचा तसाच थंड झाला. ती कधी मुशीकडं बघायची, कधी मोहितकडं, कधी कुंदाच्या उघड्या गळ्याकडं.

दुपार कलता रामलालनं अंगठी उजळून आणली. "अपने यहाँ नई चीज़ पहले माँ के हाथ में देते हैं," तो सवयीनं म्हणून गेला आणि अडखळला. सकाळचं सगळं त्यानं ऐकलं होतं. हातात अंगठी धरून तो तसाच उभा राहिला. मोहित काही बोलणार, तेवढ्यात कुंदाबाईनंच खाली बघितलं. एवढी तोंडाची खंबीर बाई, पण तिच्याच्यानं हात पुढं करवेना.

"थांबून काऊन राहिले भाऊ?" शामकला खेकसली. "दिसत नाई काय? पोराची माय तुमच्या पुढं उभी आहे. द्या तिच्या हातात."