सायकलवर बसून आलेला चमचा

मित्रांनो, मी एक जुना चमचा आहे. जुना, आणि मानेत वाकडा. जन्मतः मात्र मी असा नव्हतो. कारखान्यातल्या यंत्राने एका दणक्यात मला घडवलं, तेव्हा मी माझ्या भावंडांसारखाच सरळ होतो. फक्त अंगाने जरा बारीक. म्हणूनच या घरातल्या पिल्लाच्या इवल्याशा तोंडासाठी आईने माझी निवड केली.

मला फार मान होता. दुसरा चमचा पुढे आला की पिल्लू ओठ घट्ट मिटून घ्यायचं. पण एकदा त्याला ताप आला. ताप उतरला, तरी पोटात काही जाईना. आई मऊ भाताची वाटी घेऊन घरभर त्याच्या मागे फिरायची. "एक घास चिऊचा, एक घास काऊचा," म्हणताना तिचाच आवाज रडवेला व्हायचा.

अशाच एका दुपारी दारात दोन सायकली थांबल्या. लांबच्या सफरीवर निघालेले बाप-लेक होते. मुलीच्या सायकलचं मागचं चाक पंक्चर झालं होतं, आणि टायर काढायची पट्टी मोडली होती.

"ताई, एखादा चमचा मिळेल का? टायर उचकटायला," काकांनी विचारलं.

"पट्टी चांगली होती," मुलगी म्हणाली. "बाबांनी जरा जास्तच प्रेमाने दाबली."

आईने एकेक चमचा आणून दिला. सगळे जाड, टायरच्या कडेखाली शिरेनात. मग तिने माझ्याकडे पाहिलं. पिल्लाने खाल्लंच तर ते माझ्याकडूनच खाईल, हे तिला ठाऊक होतं. पुढचं गाव लांब आहे, हेही. उन्हाने लाल झालेला मुलीचा चेहरा पाहून तिने मला पुढे केलं.

"जपून हं. याच्याशिवाय आमचं पान हलत नाही."

काकांनी जोर लावला. टायर सुटला, आणि मी मानेत मुरगळून एका बाजूला वाकलो. काका ओशाळले. मला सरळ करायला गेले, तर आई घाईने म्हणाली, "नको, तुटेल तो."

पंक्चर निघालं. आईने मला घासलं, उकळत्या पाण्यात बुडवलं, मग पुन्हा घासलं. मुलीने मला वाटीत ठेवून पिल्लासमोर धरलं.

"हा बघ, सायकलवर बसून आलाय. दमलाय बिचारा."

पिल्लाने स्वतःच मला मुठीत धरलं. एरवी त्याच्या मुठीतून मी गालावर जायचो. त्या दिवशी मात्र वाकडा झाल्यामुळे थेट तोंडात गेलो. एक घास. मग दुसरा. सवयीने आईचा हात पुढे आला.

"राहू द्या ताई," काका हळूच म्हणाले. "चाललीय त्याची गाडी."

आईने हात मागे घेतला.

आता पिल्लाला मिशी फुटली आहे. आज ते स्वतः लांबच्या सफरीवर निघालं आहे. सकाळी आईने मला त्याच्या पिशवीत कोंबलं.

"आई, माझ्याकडे चांगल्या पट्ट्या आहेत."

"असू दे. दुसऱ्या कुणाची मोडली तर?"

तेव्हा मित्रांनो, वाकलेलं काही दिसलं तर लगेच फेकू नका. आणि वाटेत कुणी अडलं, तर घरातला लाडका चमचासुद्धा पुढे करा. माझं ऐकाल ना? आमची सायकल हलली आहे. सीटमागे धरलेला आईचा हात आत्ताच सुटला.