जिभेखालची गोळी

सोपान आबांना सोमाटण्याजवळच्या दवाखान्यात आणून चार दिवस झाले होते, पण त्यांच्या घरच्यांनी सारिका सिस्टरला एकदाही सरळ हाक मारली नव्हती. आबांची बायको शालूबाई तिला ‘ती तोऱ्याची बाई’ म्हणायच्या. मुलगा आदिनाथ नवलाख उंबरे गावच्या कारखान्यांना कामगार पुरवायचा. तो तिच्याशी बोलायचाच नाही. ती कॉटजवळ आली की मोबाईल उभा धरून शूटिंग सुरू करायचा. दोन वर्षांपूर्वी त्याचा चुलता दुसऱ्या कुठल्याशा दवाखान्यात दगावला होता. तेव्हापासून पांढरे कपडे दिसले की त्याचं डोकं फिरायचं.

सारिकाही काही गरीब गाय नव्हती. कुसगावहून रोज ये-जा करत अकरा वर्षं तिनं हृदयाच्याच वॉर्डात काढली होती, आणि नातेवाइकांचा तिला मनापासून तिटकारा होता.

आबांचं हृदय थकलं होतं. रक्त पुढं ढकलायला ते कमी पडायचं, म्हणून अंगात पाणी साठायचं. दिवसाला एक लिटरच्या वर पाणी नाही, मीठ जवळजवळ बंद आणि रोज सकाळी चहाच्या आधी वजन. सारिका त्यांच्या नडगीवर अंगठा दाबायची आणि खळगा किती खोल पडतो, भरायला किती वेळ घेतो ते बघायची. तिसऱ्या दिवशी सूज उतरत आली होती. चौथ्या दिवशी काट्यानं दीड किलो जास्त दाखवलं आणि अंगठा पुन्हा रुतला. आदल्या दिवशी दोन उशांवर झोपलेले आबा आज चार उशांना टेकून धापा टाकत होते.

“काल काय काय प्यायलात, आबा?”

“तू दिलं तेवढंच,” आबा भिंतीकडं तोंड करून म्हणाले.

सारिकानं वाकून कॉटखालची पिशवी ओढली. आत दोन लिटरची बाटली होती आणि तळाशी चार बोटं ताक. तिनं तळहातावर थेंब घेऊन जिभेला लावला. चांगलं खारट होतं. बाटली वर धरून ती सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी म्हणाली, “मावशी, नवरा नकोसा झालाय का तुम्हाला?”

शब्द तोंडातून गेले आणि तिला कळलं, हे बोलायला नको होतं. पण माघार घ्यायचा तिचा स्वभाव नव्हता.

“चार दिस झालं, माज्या माणसाला तानंनं मारती!” शालूबाई उठून उभ्या राहिल्या. “जनावराला बी आमी पान्यावाचून ठेवत न्हाई. आन तू मला इचारती, नवरा नको का?”

आदिनाथनं सगळं टिपलं. तासाभरात मेट्रन इंदिरा मॅडमनी सारिकाला बोलावून घेतलं.

“ताकाचं मी डॉक्टरांना सांगितलंय,” मॅडम म्हणाल्या. “पण तू जे बोललीस त्याची तक्रार आलीय. जा, माफी माग.”

“मागते. पण ताक बंद.”

“दुसरं वाक्य तिथं बोलू नकोस.”

सारिका परत आली तेव्हा अकरा वाजत आले होते. जानेवारीचा गारठा अजून हटला नव्हता. वॉर्डात जो तो स्वेटर नाहीतर शाल घेऊन बसला होता. ती शालूबाईंच्या स्टुलापुढं उभी राहिली. “मावशी, मघाशी मी बोलले ते चुकलं.”

“चुकलं म्हनं! तुज्या आयला कुनी असं बोललं असतं तर...” शालूबाईंचं वाक्य अर्ध्यात तुटलं. त्यांनी जबडा चोळला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबल्या. “तर तू... तू काय...”

सारिकाचं शब्दांवरचं लक्ष उडालं. या बाईच्या कपाळावर घाम होता. ओठांचा रंग गेला होता. डावा हात मांडीवर नुसता टाकल्यासारखा पडला होता.

“मावशी, हात द्या इकडं.”

“हात लावू नको मला!”

आदिनाथ मध्ये घुसला. “सिस्टर, लांब व्हा. रेकॉर्ड होतंय सगळं.”

“होऊ द्या. मावशी, जबडा कधीपासून दुखतोय?”

“माजं काय बी दुखत न्हाई.”

“खोटं बोलती,” कॉटवरून आबा म्हणाले. चार दिवसांत ते पहिल्यांदाच आपण होऊन बोलले. “काल सांच्याला जिन्यात तीन डाव बसली. पाठ भरून आली म्हनत व्हती. आज सकाळी वकली बी.”

“तुमी गप ऱ्हावा! हिच्या म्होरं कशाला सांगताय?”

सारिकानं स्नेहल सिस्टरला ओरडून ईसीजीचं मशीन आणायला आणि डॉक्टरांना बोलवायला सांगितलं. मग शालूबाईंना जवळच्या रिकाम्या कॉटवर जवळपास ढकलूनच आडवं केलं आणि दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला. शालूबाईंनी तिच्या मनगटात नखं रोवली. तिनं दंड सोडला नाही. वरचा आकडा चौऱ्याऐंशी आला. नाडी मंद लागत होती.

आईचा चेहरा बघून आदिनाथचं अवसान गळालं. त्यानं बापाच्या औषधांच्या डब्यातून छातीत दुखलं की जिभेखाली धरायची गोळी काढली. “आई, तोंड उघड.”

सारिकानं एका फटक्यात त्याच्या हातातली गोळी उडवली.

“आई मरती माजी, आन तू गोळी फेकती?” त्यानं तिला असा धक्का दिला की तिचा खांदा लोखंडी कपाटावर आपटला. दुसऱ्या हातातला मोबाईल चालूच होता.

“या गोळीनं बीपी आणखी खाली येतं! आता चौऱ्याऐंशी आहे. आणखी खाली गेलं तर परत येणार नाहीत त्या. मला मारायचं तर नंतर मार, आता बाजूला हो!”

तो बाजूला झाला. पटलं म्हणून नव्हे, ती ज्या आवाजात ओरडली त्यामुळं.

ईसीजीच्या पट्टीवर रेषा चढलेल्या दिसत होत्या. हार्ट ॲटॅक होता, हृदयाच्या खालच्या बाजूचा. डॉक्टर श्रीयश धावत आले तेव्हा हृदयाची उजवी बाजूही सापडलीय का ते बघायला सारिका छातीच्या उजव्या बाजूला वायरी लावून दुसरी पट्टी काढत होती. त्यांनी दोन्ही बघितल्या आणि म्हणाले, “जिभेखालची गोळी दिली नाही ना कुणी?”

“नाही.”

डॉक्टरांनी सलाईन जोरात सोडायला सांगितलं, तोंडी औषधं दिली आणि अर्ध्या तासाच्या आत शालूबाईंना खालच्या मजल्यावर अँजिओप्लास्टीला नेलं. कागदांवर सह्या करतानाही आदिनाथचं तोंड चालूच होतं. “आईला काय झालं तर एकेकाला बघून घेईन.”

काही झालं नाही. बंद पडलेली शीर उघडली आणि शालूबाई वाचल्या.

संध्याकाळपर्यंत नऊ सेकंदांचा व्हिडिओ गावोगाव फिरला. सिस्टर माणसाच्या हातातली गोळी उडवते, एवढंच त्यात होतं. आधीचं काही नाही, नंतरचंही नाही. कुसगावात तो सारिकाच्या सासूपर्यंत पोहोचला. “नोकरी सोड,” सासू म्हणाली, “लोक दारात येतील.” सारिका खांद्याला बर्फ लावून झोपली.

तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. मेट्रनच्या खोलीत डॉक्टर श्रीयशनी गोळी का द्यायची नव्हती ते आदिनाथला समोर बसवून समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आन माज्या आईला ती बोलली त्याचं काय?”

“ते मी बोलले,” सारिका म्हणाली. त्याबद्दलच्या लेखी ताकिदीवर तिनं सही केली. प्रकरण मिटवायला मॅडमनी पुढं केलेलं गोळीबद्दलचं माफीपत्र मात्र तिनं परत सरकवलं. “हे नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा उडवीन. आणि यांनी मला ढकललं, तेही या कागदात लिहा.”

आदिनाथनं तक्रार मागं घेतली नाही आणि व्हिडिओही हटवला नाही. मेट्रननी ढकलल्याची नोंद मात्र केली.

नवरा-बायको एकाच दिवशी घरी निघाले. आबांची सूज उतरली होती. पथ्य समजावायला कुणीतरी जाणं भाग होतं आणि स्नेहलनं साफ नकार दिला, म्हणून सारिकाच गेली. औषधांच्या वेळा सांगितल्या. शीर पुन्हा बंद पडू नये म्हणून एकही दिवस चुकवायची नाही ती गोळी वेगळी दाखवली. शालूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

“म्हैस कवा पिळू?” त्यांनी अचानक विचारलं. “तेवढं सांग. बाकी तुजं काय बी ऐकायचं न्हाई मला.”

“सहा आठवडे धार काढायची नाही. सुनेला पिळू द्या.”

“सुनंला म्हैस जवळ येऊ देत न्हाई.”

“मग आटू दे म्हैस,” सारिका म्हणाली. कागद त्यांच्या हातात देऊन तिनं अंगठा उठवायला शाईचा पॅड पुढं केला.