घरचे आकडे

शंभरातून सात सात वजा करत जायचं, एवढीच परीक्षा. पण चौऱ्याऐंशी वर्षांच्या आस्लाउगनं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती अशा तोऱ्यात दिली, की भूल देणाऱ्या डॉक्टर रांगफ्रिड बघतच राहिल्या.

"तीन नि नव्वद. सहा नि ऐंशी. नऊ नि सत्तर. दोन नि सत्तर. पुरे, की शून्यापर्यंत जाऊ?"

"पुरे, पुरे! पण आकडे जुन्या पद्धतीनं का, एककाचा आधी नि दशकाचा मागून?"

"मला शाळेत तसेच शिकवले. पुढे सरकारनं ते उलटे केले. मग सरकारनं म्हणावेत!"

शेजारी तिचा नवरा बसला होता. त्याचं नाव शूर. बिचारा नावापुरताच शूर. तिनं सांगितली ती अर्धीच गोष्ट, हे त्याला ठाऊक होतं. सत्तावीस वर्षं आस्लाउग गावाच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती आणि तिथं नियम कडक: दशकाचा आकडा आधी, 'नव्वद-तीन' असंच म्हणायचं. म्हणून परक्यांशी नवे आकडे, घरच्यांशी आणि घरच्यांसमोर जुने. साठ वर्षांपूर्वी शूर मासळीच्या गोदामातून काहीबाही निमित्त काढून रोज एक्सचेंजला फोन लावायचा. एके दिवशी धीर करून त्यानं तिच्याच घरचा नंबर मागितला. "चार नि वीस," ती हळूच म्हणाली. जुन्या पद्धतीनं! पठ्ठ्या आनंदानं नाचायचाच बाकी राहिला होता. वर्षाच्या आत लग्न झालं.

"आतड्यातली गाठ निघेल," रांगफ्रिड म्हणाल्या. "माझी काळजी वेगळी आहे. या वयात भुलीनंतर डोकं गोंधळतं कधी कधी. बहुतेकांचं ठिकाणावर येतं, काहींचं येत नाही. औषध श्वासातून वायूनं देता येतं, नाहीतर शिरेतून. कशानं गोंधळ कमी होतो, ते खरं सांगायचं तर अजून पक्कं नाही. तुमची काही इच्छा?"

"गाठीला मी भीत नाही," आस्लाउग म्हणाली. "डोकं मात्र माझं मला परत हवं. औषध हा निवडेल. मी निवडलं की जन्मभर टोमणे मारतो. पडद्यांचं अजून ऐकतेय मी!"

शूरचा भाऊ बोटीच्या इंजिनाच्या धुरानं गुदमरून गेला होता. वायू म्हटलं की त्याला तेच आठवायचं. "शिरेतून द्या," तो कसाबसा म्हणाला.

गाठ निघाली, जखम भरत आली. पण आस्लाउग नळ्या ओढायची, पांघरुणात कसल्यातरी वायरी शोधायची. पाचव्या दिवशी नर्स यूरुननं हसत हसत शूरला आत बोलावलं. "ऐका आज!"

"नव्वद-तीन," आस्लाउग म्हणाली, स्पष्ट आणि गोड. "ऐंशी-सहा. सत्तर-नऊ. सत्तर-दोन."

"पैकीच्या पैकी!" यूरुननं टाळी वाजवली.

"चुकलंय," शूर म्हणाला.

"अहो, एकही आकडा चुकला नाही!"

"माझ्यासमोर ती असं म्हणत नाही. साठ वर्षांत कधीच नाही."

"मग सुधारल्याच म्हणायच्या की!" म्हणत यूरुननं कागदावर पूर्ण गुण लिहिले. आता हिला काय सांगणार, कपाळ!

तो रांगफ्रिडना कॉरिडॉरमध्ये गाठून बोलला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वायू दिला असता तर?"

"माहीत नाही, शूर."

"मग कुणाला माहीत आहे?"

रांगफ्रिडनी त्याला बाकावर बसवलं. मग म्हणाल्या, "वाट बघू. अजून पाचच दिवस झालेत."

सहा आठवडे झाले. आता आस्लाउग घरी खिडकीशी बसायची, समोर गार झालेली कॉफी. शूरशी ती अदबीनं बोलायची, 'आपण' म्हणायची. सगळं करून थकला, तेव्हा एका सकाळी त्यानं मूठ कानाला लावली.

"हॅलो, एक्सचेंज?"

ती ताठ बसली. चेहरा उजळला. "बोला, कुठला नंबर हवा?"

"तुमच्या घरचा," शूर म्हणाला. "सांगाल का?"

"वीस-चार. थांबा हं, जोडते." एक्सचेंजच्या बोर्डात वायर खोचावी तसं तिनं हवेत बोट खुपसलं आणि मान कलती करून बराच वेळ ऐकत राहिली.

"माफ करा," ती म्हणाली. "घरी कुणी उचलत नाही."