हाड मोडलेल्यांचा खण

मी एक जुने लाकडी सूचीकपाट आहे. कोल्हारजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात, केसपेपरच्या खोलीत उभे असते. संगणक येणार येणार, हे पाच वर्षे ऐकते आहे.

मित्रांनो, नेवाशाच्या सुताराने मला घडवले. माझ्या अर्ध्या खणांत रोग्यांच्या नावांची कार्डे आहेत, उरलेल्यांत दुखण्यांची. कार्डावर फक्त तारीख आणि केसपेपरचा नंबर असतो, कागद मागच्या मांडणीवर. कागद सापडला नाही की लोक मलाच लाथा घालतात. स्वतः मात्र नाव धड सांगत नाहीत! नोंदी सांभाळणाऱ्या लंकाबाई तेवढ्या माझे खण हळू ओढतात.

गेल्या मार्गशीर्षात सविता डोके फुटून बेशुद्ध आली. नवरा सूर्यभान म्हणाला, "गोठ्यात पाय घसरला. पट्टी झाली, आता घरी न्हेतो."

तिची आई कडूबाई किंचाळली, "ह्यानंच मारली! आदी हात मोडला हुता, तवा मीच हितं आनली हुती."

दवाखान्याने बोलावलेले हवालदार दोघांना घेऊन माझ्यापुढे आले आणि त्यांनी जुनी नोंद मागितली. लंकाबाईंनी 'सविता सूर्यभान' शोधले. कार्ड नव्हते. सूर्यभान हसला. मला त्या हसण्याचा भयंकर संताप आला.

लंकाबाईंनी कडूबाईला विचारले, "मावशी, तवा नाव कुनाचं लावलं हुतं?"

"तिच्या बापाचं. बिभीषनचं."

माहेरचे नाव! लंकाबाईंचा हात त्या खणाकडे गेला आणि सूर्यभानने झडप घातली. खण उपसून त्याने त्यांच्या कपाळावर हाणला. रक्ताची चिळकांडी माझ्यावर उडाली. त्याने कार्डे फाडली, तुडवली, खिडकीबाहेर भिरकावली. माझी फळी दुभंगली. हवालदारांनी त्याला जमिनीवर दाबून धरले, तरी तो ओरडत होता, "आता दावा नोंद!"

कपाळाला पदर दाबून लंकाबाई उठल्या. "मावशी, हात कवा मोडला हुता?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिशी."

त्यांनी कॅलेंडरवर तारीख पाहिली आणि हाड मोडलेल्यांचा खण ओढला. चौथ्याच कार्डावर ती तारीख होती आणि पुढे नंबर. कागद निघाला. डॉक्टरांनी लिहिले होते : 'उजवा हात दोन ठिकाणी मोडला. आई सांगते, नवऱ्याने काठीने मारले. मुलगी गप्प.'

हवालदारांनी ते दोनदा वाचले आणि सूर्यभानला जीपमध्ये घातले.

लंकाबाईंना सहा टाके पडले. अजून त्या फाटकी कार्डे खळीने चिकटवत असतात. मित्रांनो, माझी फळी नाही सांधली तरी चालेल. पण कुणी रडून सांगत असेल आणि नोंद मिळत नसेल, तर 'घडलेच नाही' म्हणू नका. दुसरा खण ओढून बघा. त्या दिवशी आम्ही पहिल्याच खणावर थांबलो असतो, तर सविताला तो घरी घेऊन गेला असता.