डबल बेल

"एकदा थरथरला तर तोल किंचित जातोय, सावरून चालत राहा. दोनदा थरथरला तर पडणार, जागच्या जागी थांबा." कानाच्या दवाखान्यातल्या बाईंनी कंडक्टरच्या कमरेला पट्टा आवळत सांगितलं.

"उलटं करून मिळेल का?"

"पट्टा उलटा घालायचाय?"

"खूण हो. आमच्यात एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एकतीस वर्षं तीच दोरी ओढतोय."

"कारखान्यातूनच तसं येतं, काका. होईल सवय."

सवय होतेच, फक्त एकतीस वर्षं लागतात. कंडक्टरच्या हाताशी नऊ दिवस होते. दहाव्या दिवशी चाचणी: धावत्या गाडीत मागच्या दारापासून ड्रायव्हरपर्यंत जायचं आणि परत यायचं. जमलं तर कामावर, नाही तर कायमचं घरी. एके काळी हाच माणूस भर गर्दीत दांडा न धरता तिकिटं फाडायचा. आता तोल सांभाळणाऱ्या कानाने दगा दिल्यापासून स्थिर जमिनीवरही वळणं येत होती.

घरात सराव सुरू झाला. दोनदा थरथरलं, की कंडक्टर उत्साहाने पुढे निघायचा आणि कपाटावर आदळायचा.

"अहो, थांबायचं ना!" बायको ओरडायची.

"डबल दिली त्याने."

"माझं मेलं एक ऐकलं नाहीत जन्मात, आणि त्या पट्ट्याचं बरं लगेच ऐकता!"

मग भाजी निवडताना तीच पुटपुटत बसायची, "दोनला थांब, दोनला थांब." नवव्या दिवशी कपाळावर नवीन टेंगूळ आलं नाही. शुभशकुन म्हणून तिने धडकांनी हललेलं कपाट जागेवर परत सरकवलं.

चाचणीच्या रिकाम्या गाडीत साहेब पुढच्या बाकावर कागद घेऊन बसले. ड्रायव्हर गेली एकोणीस वर्षं त्याचाच जोडीदार. गाडीत अंडी भरल्यासारखा चालवत होता.

"नेहमीसारखी चालवा," साहेब म्हणाले.

गाडी वळली. पट्टा दोनदा थरथरला. कंडक्टर थांबला. अगदी खांबासारखा थांबला. मग निघाला. साहेबांचं पेन टेकलंसुद्धा. तेवढ्यात पुन्हा दोनदा. या वेळी डोक्याला कळायच्या आत पायांनी हुकूम पाळला. कंडक्टर साहेबांच्या मांडीवर जाऊन बसला.

"लागलं का?" साहेबांनी चष्मा सावरत विचारलं.

"नाही, साहेब."

"मग उठा." त्यांनी कागदावर एक ओळ लिहिली. ती लिहायला फार वेळ लागला नाही.

घराजवळच्या थांब्यावर ड्रायव्हरने त्याला हात धरून उतरवलं, आणि परत जागेवर जाऊन आरशात बघत बसून राहिला.

"चला की," साहेब म्हणाले.

"घंटी नाही झाली, साहेब."

साहेबांनी स्वतः उठून दोरी दोनदा ओढली. गाडी गेली. फुटपाथवर पट्टाही दोनदा थरथरला. कंडक्टरचा उजवा पाय उचलला गेला होता. त्याने थांब्याचा खांब दोन्ही हातांनी धरला.

"पुढची गाडी कधी हो?" रांगेतल्या एका बाईंनी विचारलं.

त्याने नंबर, वेळ, सतराही थांबे ओळीने सांगितले. खांब मात्र सोडला नाही.