बिघडलेल्या काचा

घरात मी गजेंद्रला अहो-जाहो करते. इथे लिहिताना करणार नाही.

आम्ही नवरा-बायको दोघंही रसायनशास्त्राचे. तो मेहकरच्या कॉलेजात कायम प्राध्यापक, आणि मी त्याच कॉलेजात धम्मशीला मॅडमच्या हाताखाली पीएच.डी. करणारी. ज्या प्रबंधावर त्याला नोकरी लागली, तोच माझ्या कामाचा पाया. पहिल्याच दिवशी मॅडमनी बजावलं होतं, "जयमाला, आधी गजेंद्रचा प्रयोग जसाच्या तसा करून दाखव. पुढचं मग बोलू."

प्रयोग सांगायला सोपा आहे. प्लास्टिकचे गोल कण घ्यायचे, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. ते एका पातळ पापुद्र्यात घट्ट बसवायचे आणि पापुद्रा गरम करून ताणायचा. त्याच्यासोबत आतले कणही ताणले जातात आणि तांदळासारखे लांबुडके होतात. पापुद्रा पाण्यात विरघळवून ते मोकळे करायचे, आणि काचेच्या उथळ बशीत पाणी व तेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे सोडायचे. या बशीला आम्ही नुसतं काच म्हणतो. लांबुडका कण तो पृष्ठभाग जरासा वाकवतो, त्या वाकण्यामुळे दुसरा कण ओढला जातो, मग तिसरा. कुणी हात न लावता ते आपापले रचले जातात. मला याचं अजूनही नवल वाटतं.

गजेंद्रच्या प्रबंधात ते टोकाला टोक लावून रचले गेले होते. अकरा कणांची लांबच लांब साखळी, मालगाडीच्या डब्यांसारखी. माझे मात्र दर वेळी अंगाला अंग लावून आडवे बसायचे.

"खार आहे," गजेंद्र सूक्ष्मदर्शकातून बघून म्हणायचा. "तुमच्या वरवटचं पाणीच खारं. तुह्या हातालेही चिकटला काय व?"

माझं माहेर वरवट बकाल, खारपाणपट्ट्यातलं. तो हसायचा म्हणून मीही हसायची. पण पाण्यात मीठ असलं तर कणांची मांडणी खरंच बदलते, म्हणून मला ते पटायचं. मी खामगावहून शुद्ध पाण्याचे कॅन एसटीतून आणले. केसांना तेल लावणं सोडलं. हात इतके धुतले की बोटांना चिरा पडल्या. रविवारी तो मुद्दाम प्रयोगशाळेत यायचा, माझी काच बघायचा, "बिघडली, फोटो काढू नको," म्हणायचा आणि बेसिनमध्ये ओतून टाकायचा. किती साथ देतो हा माणूस, असं मी आईला फोनवर सांगायची. दोन वर्षं सांगत होते.

या महिन्यात मॅडमनी निर्वाणीचं सांगितलं. महिनाअखेरपर्यंत साखळी दिसली नाही, तर माझी नोंदणी रद्द.

मग मी शेवटचा उपाय केला. घरच्या कॉम्प्युटरवरून गजेंद्रच्या प्रबंधातला साखळीचा फोटो घेतला आणि स्टँडजवळच्या दुकानातून त्याचा तीन फुटी फ्लेक्स छापून आणला. वाढदिवसाचे छापतात तसा. समोर टांगला की माझं कुठे चुकतं ते कळेल, एवढाच हिशेब होता. प्रयोगशाळेतल्या टेबलावर तो पसरला. तिसऱ्या कणाच्या टोकाला एक टवका उडालेला होता.

चौथ्यालाही तसाच. पाचव्यालाही. मी बोट ठेवत शेवटपर्यंत गेले आणि परत फिरले. प्रत्येक कणाच्या त्याच टोकाला तोच टवका होता. अकरा कण नव्हतेच. एकच कण अकरा वेळा चिकटवला होता.

फ्लेक्स गुंडाळून मी भर दुपारी घरी गेले. गजेंद्र जेवत होता. मी तो त्याच्या ताटासमोर फरशीवर उलगडला. त्याने बघितलं आणि भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"एवढं मोठं करून कोण पाह्यते?" तो म्हणाला.

"मी पाह्यलं."

"माहेही आडवेच येत होते. माह्या गाइड साहेबांना साखळीच पाह्यजे होती. मी काय करू?"

"तुमचं राहू द्या. माह्या काचा तर बराबर होत्या. त्या काऊन ओतल्या?"

त्याने ताट बाजूला सारलं. मग खाली मान घालून म्हणाला, "मले वाटलं, दोन-चार महिने करशीन अन् कटाळून सोडून देशीन."

फोटोतली लबाडी मी कदाचित गिळली असती. पण हा माणूस माझ्या कंटाळण्याची वाट बघत होता. माझ्या शेजारी उभा राहून, चिरा पडलेल्या बोटांना मलम लावून देत, वाट बघत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि रडूही येईना.

"जयमाला, माही नोकरी जाईन. घरातली गोष्ट घरात राहू दे."

मी फ्लेक्स उचलला आणि तशीच कॉलेजला परतले.

धम्मशीला मॅडम प्रयोगशाळेतच होत्या. मी फ्लेक्स त्यांच्यासमोर उलगडला आणि त्यांचं बोट धरून एकेका टवक्यावर ठेवलं. सहाव्या कणाशी त्यांनी हात काढून घेतला आणि स्टुलावर बसल्या.

"हा प्रबंध खोटा आहे, असं तू लेखी देशील?"

"हो मॅडम. त्याच्या नावानिशी."

"मग तुझी बाजू भक्कम पाहिजे. तुझे निकाल दाखव."

"एकाहत्तर काचा केल्या. सगळ्यांत कण आडवेच बसले. एकही बिघडलेली नव्हती."

"कुठे आहेत त्या?"

मी बेसिनकडे बोट दाखवलं. निम्म्या गजेंद्रने ओतल्या होत्या. निम्म्या मी ओतल्या, त्याच्या शब्दावर.